ब्राउझर एक्स्टेन्शनची दुकाने आणि विदर्भातील डेव्हलपर

यवतमाळ किंवा वाशीमच्या एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तरुणाला स्वतः लिहिलेले ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, आज जगभर पोहोचवता येते. मात्र त्यासाठी क्रोम ब्राउझर बनवणारे गूगल आणि फायरफॉक्स बनवणारे मोझिला यांच्या अटी मान्य कराव्या लागतात, आणि त्या अटींना वीस वर्षांचा इतिहास आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली, तेव्हा बाहेरच्या प्रोग्रामरने लिहिलेले एक्स्टेन्शन तिच्यात बसवता येत होते आणि ते लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनही देता येत होते. क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय डिसेंबर २००९ मध्ये झाली आणि वर्षभराने क्रोम वेब स्टोअर हे गूगलचे ऑनलाइन दुकान सुरू झाले. तेथे डेव्हलपर म्हणून नोंदणी करण्यास एकदाच ५ डॉलर भरावे लागतात, तर मोझिलाकडे शुल्क नाही. रक्कम लहान असली तरी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड गावात सहसा कोणाकडे नसते, हे विसरून चालणार नाही.

खरा बदल विश्वासाच्या प्रश्नाने घडवला. नको त्या जाहिराती घुसवणारी आणि वापरकर्त्याची माहिती चोरणारी एक्स्टेन्शन्स वाढू लागली, तेव्हा क्रोमने २०१४ मध्ये विंडोजवर दुकानाबाहेरील एक्स्टेन्शन्स रोखली आणि फायरफॉक्सने २०१६ पर्यंत प्रत्येक एक्स्टेन्शनवर मोझिलाची डिजिटल स्वाक्षरी (मान्यतेची खूण) सक्तीची केली. या कडकपणाबद्दल डेव्हलपरांनी कुरकुर केली तरी मला तो रास्त वाटतो. सेतू केंद्रातील एकाच संगणकावर गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि सातबारे दिवसभर भरले जातात. तेथे ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची’ परवानगी घेतलेले एखादे खोटे एक्स्टेन्शन बसले, तर नुकसान साऱ्या पंचक्रोशीचे होते. म्हणूनच कोणती परवानगी कशासाठी हवी, हे दुकानाच्या तपासणाऱ्यांना पटवून देणे हा प्रकाशनातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो.

दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. नोव्हेंबर २०१७ मधील फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची सर्व एक्स्टेन्शन्स बंद केली. पुढे गूगलने ‘मॅनिफेस्ट व्ही३’ हा नवा नियमसंच आणला आणि जून २०२४ पासून जुन्या नियमांवरील एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने निकामी केली. नव्या नियमांनुसार एक्स्टेन्शनचे फेरलेखन करायला कंपन्यांकडे माणसे असतात. शेती किंवा नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या एकट्या डेव्हलपरला मात्र ते पेलतेच असे नाही, आणि मग चालू स्थितीतील उपयुक्त साधनही हातचे जाते. कमाईचेही तसेच झाले. एक्स्टेन्शनची किंमत स्टोअरमधूनच वसूल करण्याची सोय गूगलने २०२० मध्ये मागे घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे पैसे घेण्याची व्यवस्था आता डेव्हलपरलाच स्वतंत्रपणे उभारावी लागते.