लॉक झालेला फोन: दुकानात काय होते, काय होत नाही, आणि पोलिसांनी मागितला तर

जेल रोड, इंदूर येथील आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर गर्दी असली की "लॉक काढून द्या" आणि "नाही निघत" एवढ्यावरच बोलणे आटोपते. मग ग्राहकाला वाटते की यांना जमत नाही, किंवा पैसे वाढवून हवेत. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन वाचा, आणि ज्यांच्या फोनचा कोड त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, अशा घरातल्या माणसांना जरूर वाचायला द्या.

लॉक काढणे ही दोन वेगळी कामे आहेत

पहिले काम म्हणजे फोन पुन्हा चालू करून देणे. हार्ड रीसेट केला की कोड जातो आणि त्याच्याबरोबर फोटो, नंबर, हिशेब, सगळेच जाते. त्यानंतरही सुटका नसते. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ५.१ आवृत्तीपासून, रीसेटनंतर फोन जुनेच गूगल खाते मागतो. बाजारात याला सरसकट एफआरपी म्हणतात. आयफोनमध्ये असेच कुलूप २०१३ पासून आहे. तुमच्याकडे बिल आणि डबा असेल आणि डब्यावरचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख-नंबर) फोनशी जुळत असेल, तर खाते परत मिळवायला आम्ही मदत करतो. बिल नसेल तर करत नाही. ओळखीचे असलात तरी नाही, आणि यात राग मानू नका. चोरीचा माल जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि आयएमईआय बदलणे तर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचे काम आहे. "नंबर बदलून द्या, कोणाला कळतंय" म्हणणाऱ्यांना आम्ही चहासुद्धा विचारत नाही.

दुसरे काम म्हणजे कोड माहीत नसताना आतला डेटा जसाच्या तसा काढून देणे. लोकांना खरे तर हेच हवे असते, आणि हेच आमच्याकडे होत नाही.

का होत नाही

दहा-बारा वर्षांपूर्वी होत असे. मेमरीची आयसी (चिप) बोर्डवरून उचलायची, ती वाचणाऱ्या बॉक्सला लावायची आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोनचे आयओएस ८ हे सॉफ्टवेअर आले आणि अॅपलने जाहीर केले की कोड लावलेल्या फोनमधला डेटा सरकारी आदेश आला तरी आता आम्हालाही काढता येणार नाही. अँड्रॉइडने २०१५ मध्ये, ६.० आवृत्तीपासून, पुरेशा ताकदीच्या नव्या फोनना एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवणे, सक्तीचे केले. स्वस्त फोनचे प्रोसेसर तेव्हा त्यातून सुटले होते, कारण त्यांना ते ओझे झेपत नव्हते. त्यांच्यासाठी गूगलने २०१९ मध्ये अडियांटम नावाची हलकी पद्धत काढली, आणि अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना ही सूट उरली नाही. त्यामुळे "माझा फोन साधाच आहे हो" या म्हणण्याला आता अर्थ राहिलेला नाही.

बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची, तसे हे आहे. एक किल्ली तुमचा कोड. दुसरी किल्ली म्हणजे कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला एक लांबलचक आकडा. तो प्रत्येक फोनचा वेगळा असतो, बाहेरून वाचता येत नाही आणि अॅपलच्या म्हणण्याप्रमाणे त्याची नोंद त्यांच्याकडेही नसते. दोन्ही एकत्र आल्याशिवाय डेटा उलगडत नाही. आजच्या फोनची मेमरी काढून वाचली तर निव्वळ कचरा दिसतो.

पाण्यात पडलेल्या फोनचे काम अवघड होते ते यामुळेच. बोर्ड गेला असेल तर मेमरी, प्रोसेसर आणि काही मॉडेलमध्ये आणखी एक छोटी आयसी, असा सगळा संच गरम हवेने उचलायचा, रिबॉल करायचा (खालचे टाके नव्याने घालायचे) आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या बोर्डवर बसवायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्याला जरा जास्त आच लागली की संपले. मेमरी धडधाकट असली तरी प्रोसेसर मेला तर दुसरी किल्ली त्याच्याबरोबर गेली. आणि हे सगळे सुरळीत पार पडले, फोन उठला, तरी पडद्यावर पहिली गोष्ट येते ती म्हणजे कोड टाका.

मग सगळे कोड एकेक करून का टाकून बघत नाही, असे विचारणारे असतात. हिशेब सोपा आहे. आयफोनला एक कोड तपासायला साधारण ८० मिलिसेकंद लागतात, आणि हे त्याच फोनवर करावे लागते, मोठ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. चार आकडी कोडचे दहा हजार प्रकार, म्हणजे सलग टाकले तर पाव तासही नाही, तेरा-चौदा मिनिटांत संपतील. सहा आकडी असेल तर साधारण बावीस तास. सहा जागांवर लहान इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिसळले तर साडेपाच वर्षे. पण सलग टाकूच देत नाहीत. काही चुका झाल्या की चिप स्वतःच थांबवते, आधी मिनिटभर, मग पाच, मग पंधरा, आणि सेटिंग चालू असेल तर आयफोन दहाव्या चुकीनंतर डेटा पुसूनच टाकतो. तेव्हा कोड आठवत नसेल तर घरी बसून अंदाज मारत राहू नका. मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

"पण पोलीस तर उघडतात ना?"

कधी उघडतात, कधी नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोला झालेल्या हल्ल्यात चौदा माणसे मारली गेली. हल्लेखोराकडचा आयफोन ५सी एफबीआयला उघडेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोर्टाने अॅपलला आदेश दिला की चुकीच्या कोडनंतर थांबवणारी आणि डेटा पुसणारी व्यवस्था निकामी करणारे सॉफ्टवेअर बनवून द्या. अॅपलने नकार दिला. असे सॉफ्टवेअर एकदा बनले की ते एकाच फोनपुरते राहणार नाही, हे त्यांचे म्हणणे. मार्चअखेर एफबीआयने अर्ज मागे घेतला, कारण बाहेरच्या कोणीतरी त्यांना फोन उघडून दिला होता. दोन्ही बाजूंना आपापले खरे वाटत होते, आणि आम्हाला विचाराल तर अॅपलचे म्हणणे जास्त पटते. पोलिसांसाठी ठेवलेले मागचे दार चोरालाही सापडतेच.

आज तपास यंत्रणा सेलेब्राइट, ग्रेकी यांसारखी साधने वापरतात. ती चिपमधल्या किंवा सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकून चालतात, म्हणून मॉडेल कोणते आणि अपडेट कधीचे यावर सगळे ठरते. आणखी एका गोष्टीवरही ठरते. फोन बंद करून चालू केल्यावर पहिल्यांदा कोड टाकेपर्यंत किल्ल्या चालू कामाच्या मेमरीत (रॅममध्ये) आलेल्याच नसतात, त्या अवस्थेत डेटा काढणे सर्वांत कठीण. एकदा कोड टाकला की पडदा लॉक दिसला तरी बऱ्याच किल्ल्या आत जाग्या असतात. सकाळी फोन चालू केल्यावर बोट न घेता कोडच मागतो, त्याचे कारण हेच. २०२४ च्या आयओएस १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला आयफोन आपोआप रीस्टार्ट होतो, आणि गूगलनेही २०२५ मध्ये अँड्रॉइडसाठी तशीच सोय आणली. दोन-चार दिवस ड्रॉवरमध्ये पडलेला फोन "आपोआप बंद-चालू झाला" ही तक्रार आली तर तो बिघाड असेलच असे नाही.

फोन पोलिसांनी मागितला तर

आम्ही वकील नाही. प्रकरण गंभीर असेल तर आधी वकील गाठा. पण काउंटरवर वारंवार विचारले जाते तेवढे लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम ९४ खाली तपासासाठी मोबाइलसारखी वस्तू हजर करायला लेखी सांगता येते, कलम १०६ खाली जप्त करता येते, आणि कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे व्हिडिओ चित्रण व्हायला हवे. फोन देताना जप्ती पत्रकाची प्रत मागा आणि त्यात मॉडेल, दोन्ही आयएमईआय, सिम व मेमरी कार्ड लिहिले आहे का ते स्वतः वाचा. इथे लोक घाई करतात. पत्रकात नुसते "एक काळा मोबाइल" असेल तर पुढे तो तुमचाच होता हे दाखवताना नाकी नऊ येतात.

नोटीस आल्यावर फोन रीसेट करायला आमच्याकडे आणू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे (न्याय संहिता, कलम २४१), आणि त्यात आम्हीही अडकू.

कोड सांगावाच लागतो का? संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पासवर्ड सांगणे ही अशी साक्ष होते का, यावर एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये होत नाही असे म्हटले, तर दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर सक्ती करता येत नाही असे म्हटले. आपण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या हद्दीत, त्यामुळे यातला कुठलाच निकाल इथे बंधनकारक नाही. बोटाच्या ठशाचे गणित निराळे आहे. ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ठरवले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली एन्क्रिप्शन उलगडून द्यायचा आदेश निघू शकतो आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण असा आदेश साधारणपणे गृहसचिव पातळीवरून येतो. ठाण्यात तोंडी सांगितलेली गोष्ट म्हणजे कलम ६९ चा आदेश नव्हे.

जप्त फोन परत हवा असेल तर न्यायालयात सुपुर्दगीचा अर्ज करावा लागतो (नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३). बिल इथेही लागते. तोवर सिमची डुप्लिकेट काढून घ्या, नाहीतर बँकेचे ओटीपी अडतील.

काही वेळा जप्तीतला फोन "जरा बघा चालू होतो का" म्हणून ओळखीतून आमच्याकडे येतो. आम्ही हात लावत नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेत फोनची हुबेहूब प्रत काढून तिचा हॅश (डेटात जराही बदल झाला तर बदलणारा आकडा) घेतात, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. मधे कोणी फोन उघडून बसले तर तो पुरावा कोर्टात टिकवणे अवघड होते, मग तो तुमच्या बाजूचा असो वा विरुद्ध.

घरातले माणूस गेल्यावर

काकू येतात, पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढतात आणि म्हणतात, "यांचे फोटो तेवढे मिळाले तर बघा." सुदामा नगरपासून तिलक नगरपर्यंत, हे आम्ही फार पाहिले आहे, आणि नाही म्हणणे जड जाते. कोड नसेल तर फोनमधून काही निघत नाही. पण क्लाउडवर असेल तर मार्ग आहे. आयफोनमध्ये आयओएस १५.२ पासून वारसाचा संपर्क नेमता येतो, त्याला नेमताना मिळालेली चावी (अॅक्सेस की) आणि मृत्यूचा दाखला दाखवून आयक्लाउडमधला डेटा मिळतो. गूगलमध्ये खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर कोणाला कळवायचे, काय द्यायचे, हे आधी ठरवता येते. दोन्ही सेटिंग आम्ही फुकट लावून देतो, सोबत वारस असलेल्या माणसाला घेऊन या. हे नको असेल तर कोड कागदावर लिहून मालमत्तेच्या कागदांत ठेवा. ते पुरेसे आहे.

हरवला तर

*#06# दाबून आयएमईआय आजच लिहून ठेवा. चोरीची तक्रार ठाण्यात देऊन तिची प्रत सरकारच्या संचार साथीमधल्या सीईआयआर (हरवलेले फोन बंद करण्याच्या) पोर्टलवर टाकली की तो फोन देशभर कुठल्याही नेटवर्कवर बंद पडतो. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळे नंतर.

दुरुस्तीला देताना

फोल्डर (डिस्प्ले) किंवा बॅटरी बदलायला तुमचा कोड लागत नाही. टच, कॅमेरा, कॉल तपासायला फोन उघडावा लागतो, पण सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे. तो लावून दिलात तर तुमचे फोटो, चॅट, बँकेची अॅप आम्हाला दिसतच नाहीत. बाकीच्या फोनसाठी आम्ही जॉब कार्डाच्या खालच्या पट्टीवर कोड लिहून घेतो. फोन परत देताना ती पट्टी तुमच्यासमोर फाडतो, आणि तुम्ही काउंटरवर उभे असतानाच नवा कोड टाकून घ्या. आम्ही तेवढी पाठ फिरवतो.