विमानाच्या किटचा भाव: दोन शिलिंगांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वाळूजला किंवा लातूरला बसून स्पिटफायरचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिक किट मागवणाऱ्याला ते मोल नेमकं ठाऊक असतं. खोकं घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: एवढ्याशा प्लास्टिकला एवढे पैसे? प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर प्लास्टिकच्या वजनात नाही.

१९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने १/७२ प्रमाणातली प्लास्टिकची विमानं विकायला काढली. या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १९४२ साली अमेरिकन नौदलाने सैनिकांना आपली आणि शत्रूची विमानं ओळखायला शिकवण्यासाठी शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं करून मागवली, तीही याच प्रमाणात. युद्ध संपलं, मुलांची सवय राहिली.

त्या युद्धातल्या स्पिटफायरशी आपलं एक जुनं नातं आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नावच ‘हैदराबाद’ होतं आणि तिच्या मानचिन्हावर निजामाची पगडी होती. पैसा हैदराबाद संस्थानाचा होता. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात, म्हणजे बीड-परभणीच्या शेतसाऱ्यातले काही आणे त्या विमानांत गेले असणारच. स्पिटफायरचे पैसे आपण एकदा आधीच मोजलेत, असं गमतीने म्हणता येईल.

किटच्या भावाची खरी गोष्ट एअरफिक्सपासून सुरू होते. १९५२ साली या कंपनीने ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज साध्या पिशवीत भरून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना ठेवलं. तेव्हाच्या दराने हे झाले एक रुपया पाच आणे. (आपल्याकडे हाली रुपया, म्हणजे निजामाच्या संस्थानाचं चलन, अजून पुरता गेलेला नव्हता, त्यात थोडे जास्त.) पुढच्याच वर्षी स्पिटफायर आलं. भाव ठरवताना डोळ्यांसमोर होता तो खाऊच्या पैशांतून खरेदी करणारा पोरगा. किट स्वस्तच असायला हवं ही समजूत तिथून आली, आणि ती अजून गेलेली नाही.

स्वस्ताई परवडत होती ती मोल्डमुळे, म्हणजे प्लास्टिक ओतायच्या पोलादी साच्यामुळे. हे वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून बाहेर पडलेला कुठलाही पोरगा सांगेल की पैसा प्लास्टिकच्या दाण्यात नसतो, साच्याच्या पोलादात असतो. मोल्ड एकदाच कापायचा, पण तो महाग. नंतर प्रत्येक शॉट, म्हणजे साच्यातून निघणारी एकेक प्रत, किरकोळ खर्चाचा. मोल्डचा खर्च लाखो पिशव्यांवर वाटला गेला तर दोन शिलिंगही पुरतात. थोड्याच खोक्यांवर वाटायचा झाला, तर दर खोक्याच्या वाट्याला मोठी रक्कम येते.

नेमकं हेच पुढे झालं. १९७३ च्या तेलसंकटात पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, महागलं. १९७६ पर्यंत फ्रॉगचा कारभार आटोपला आणि तिचे बरेचसे मोल्ड सोव्हिएत रशियात गेले. १९८१ साली एअरफिक्सचंही दिवाळं वाजलं. कंपनी हातोहात फिरली. २००६ मध्ये खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या हॉर्नबी कंपनीने ती विकत घेतली. मधल्या काळात पोरं व्हिडिओ गेमकडे वळली आणि किट घेणारे उरले ते पूर्वीचेच, आता चाळिशी-पन्नाशीचे. त्यांना कॉकपिटमधली घड्याळं हवीत, पंखावरच्या रिव्हेटच्या रांगा हव्यात, नेमकं अमुक स्क्वाड्रनचं चिन्ह हवं. जपानच्या शिझुओकातल्या तामिया आणि हासेगावा यांनी सुटे भाग चपखल बसवण्याची अशी पातळी गाठली की जुनी पिशवीतली किटं ओबडधोबड वाटू लागली. भाग वाढले, मोल्ड गुंतागुंतीचे झाले, गिऱ्हाईक कमी झालं. कारखान्यातून निघतानाचा भाव मला म्हणूनच वाजवी वाटतो.

खटकतं ते पुढचं. २००१ पर्यंत परदेशी खेळणी सरळ आणता येत नव्हती. परवान्याचं लफडं होतं. बंधनं उठली आणि काही वर्षं बरी गेली. मग फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. स्वस्त चिनी खेळणी रोखायची होती, ते समजू शकतो. पण जकातीच्या वर्गवारीत असं मोजमापी (खऱ्या वस्तूच्या ठरावीक प्रमाणातलं) मॉडेल आणि खुळखुळा एकाच शीर्षकाखाली येतात. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. वर्षाला मूठभर खोकी खपणाऱ्या बाजारासाठी कोणता जपानी कारखाना त्या तपासणीच्या खर्चात पडेल?

गंमत अशी की २०१० च्या दशकात एअरफिक्सच्या कितीतरी खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असायचं. भारतात ओतलेलं स्पिटफायर ब्रिटनला जायचं आणि इथल्या हौशी माणसाकडे परदेशी माल म्हणून परत यायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो लागतो जकात धरून. बंदरात वाहतुकीसह हजार रुपये पडलेलं किट जकातीने सतराशेवर जातं. त्यावर आधी दोनशे चार रुपये कर बसायचा, आता पंच्याऐंशी. दुकानदाराचा नफा आणि आपल्या गावापर्यंतचं कुरिअर यानंतर. रंग तर वेगळेच: एनॅमल ज्वलनशील, विमानाने पाठवत नाहीत.

मग इथेच का बनवत नाहीत? मोल्ड कापणारे हात वाळूजला आहेत, मशिनंही आहेत. पण खर्च भरून निघण्याइतकी गिऱ्हाइकं लागतात. ती तयार होतात शाळकरी वयात, स्वस्त किटं हाताळून, आणि तसं किट आज मराठवाड्यातल्या पोराच्या खाऊच्या पैशांत येत नाही.