लिनक्सवर ॲपच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण

लिनक्स संगणकावर एखाद्या ॲपमधून येणारा आवाज माइकचा आधार न घेता थेट फाइलीत उतरवण्याची पद्धत. ग्वाल्हेरात बसून परगावच्या गुरूंकडून व्हिडिओ कॉलवर घेतलेली तालीम जपायची, तर हीच पद्धत सोयीची. स्पीकरसमोर माइक धरला की ख्यालासोबत पंखाही मुद्रित होतो. गुरूंची परवानगी मात्र आधी घ्यावी.

आवाजाची वाटणी पल्सऑडिओ किंवा पाइपवायर ही प्रणाली करते. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीपासून, तर उबुंटूने २२.१० पासून पाइपवायर स्वीकारली. दोन्हींत प्रत्येक आउटपुटला ‘मॉनिटर’ नावाचा इनपुट जोडलेला असतो आणि त्या आउटपुटकडे जाणारा आवाज तिथून उचलता येतो.

फाइल कोरी निघाली, तर बहुधा मॉनिटर एका आउटपुटचा निवडलेला असतो आणि आवाज दुसरीकडे जात असतो. हेडफोन किंवा एचडीएमआय जोडल्यावर हे हमखास होते. ‘पाव्हूकंट्रोल’ हे आवाजाची जोडणी दाखवणारे ॲप उघडून प्लेबॅक टॅबमध्ये ॲप कोणत्या आउटपुटवर वाजते ते पाहावे, मग रेकॉर्डिंग टॅबमध्ये त्याच आउटपुटचा मॉनिटर निवडावा. ऑडॅसिटी हे मुद्रणाचे ॲप या टॅबमध्ये मुद्रण सुरू असतानाच दिसते. आधी शोधून उपयोग नाही. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की हेडसेट कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि आवाज बसका, मोनो होतो. अशा वेळी माइक लॅपटॉपचा घ्यावा.

मॉनिटरवर त्या आउटपुटचे सगळेच आवाज येतात, मेसेजची टिंगसुद्धा. एकच ॲप हवे असल्यास ‘नल सिंक’ हे आभासी आउटपुट तयार करून ॲप प्लेबॅक टॅबमधून तिकडे वळवावे व त्याचा मॉनिटर मुद्रित करावा. पण मग कानाला काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी नल सिंकचा आवाज दुसऱ्या आउटपुटकडे पोहोचवणारे लूपबॅक मॉड्यूल जोडून त्याचे आउटपुट हेडफोन ठेवावे. ते चुकून नल सिंककडेच गेले, तर आवाज स्वतःवरच चढत जातो. टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन केलेली ही जोडणी संगणक बंद केल्यावर पुसली जाते.

मॉनिटरवर शिष्याचा स्वतःचा आवाज येत नाही, कारण कॉलवर तो फक्त पलीकडे जातो. माइकचा ट्रॅक वेगळा घ्यावा. ओबीएस या मुद्रणाच्या ॲपमध्ये दोन्ही एकत्र पण स्वतंत्र ट्रॅकवर ठेवता येतात. गुरूंचा तानपुरा मध्येच विरत असेल, तर दोष बहुधा लिनक्सचा नसतो: कॉलचे ॲप त्या अखंड सुरालाच गोंगाट समजून दाबते. नॉइज सप्रेशन गुरूंच्या बाजूने बंद करावे लागते.