समुद्र निरीक्षणाचा डेटा: शेअरिंग आणि ॲक्सेसची तंत्रं

समुद्रात मोजलेलं तापमान, खारटपणा, लाटा, पाण्याची पातळी असे आकडे जगात कुणालाही मिळावेत म्हणून जे फॉरमॅट, सर्व्हर आणि नियम वापरतात, त्यांचा हा सगळा पसारा. युनेस्कोच्या आयओसीने (समुद्रविज्ञानाचा आंतरसरकारी आयोग) डेटा देवाणघेवाणीचा कार्यक्रम १९६१ मध्येच सुरू केला, जागतिक निरीक्षण यंत्रणा म्हणजे गूस १९९१ ची. तेव्हा कागद आणि टेपा इकडून तिकडे जायच्या, आता सगळं ऑनलाइन.

सगळ्यात चांगलं उदाहरण आर्गो नावाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम. त्यात जगभरात साधारण ४००० फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होणारी तरंगती यंत्रं, सोडलेत, ते १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना मोजत येतात आणि पृष्ठभागावर आले की सॅटेलाइटला डेटा पाठवून परत खाली. कॉम्प्युटर तो डेटा आपोआप तपासतो, मग एकीकडे तो जीटीएस नावाच्या नेटवर्कवरून हवामान खात्यांकडे जातो आणि दुसरीकडे ब्रेस्ट (फ्रान्स) आणि मॉन्टेरे (अमेरिका) इथल्या दोन सर्व्हरवर फुकट मिळतो, हे सगळं साधारण दिवसभरात.

पण फुकट मिळाला म्हणजे लगेच वापरता आला असं नाही! प्रत्येक आकड्याला क्वालिटी फ्लॅग म्हणजे दर्जा सांगणारा अंक असतो, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे खराब, आणि नवखे लोक नेमकं तेच बघत नाहीत. फाइलच्या नावात सुरुवातीला आर असेल तर तो घाईचा डेटा, डी असेल तर तज्ज्ञांनी सावकाश तपासलेला, त्याला वर्षभरही लागतं कारण खारटपणाचा सेन्सर हळूहळू भरकटतो आणि ते लगेच कळत नाही.

फाइल बहुतेक नेटसीडीएफ नावाच्या फॉरमॅटमध्ये. तिच्यात आकड्यांसोबत युनिट, वेळ, जागा सगळं आतच लिहिलेलं असतं. तरी एकजण तापमानाला टेम्प म्हणतो, दुसरा एसएसटी (समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान), म्हणून सीएफ नावाचे नियम आले, त्यात प्रत्येक गोष्टीचं एक ठरलेलं नाव.

अख्खी फाइल उतरवायची नसेल तर ओपनडॅप, थ्रेड्स किंवा एर्डॅप, म्हणजे सर्व्हरवरून हवा तेवढाच तुकडा मागवायच्या सोयी. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेत बनलेलं एर्डॅप मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण कुठला डेटासेट, कुठल्या तारखा, किती अक्षांश-रेखांश हे सगळं लिंकमध्येच लिहायचं, आणि डेटासेटच्या नावापुढे डॉट सीएसव्ही असेल तर एक्सेलमध्ये उघडणारी फाइल येते, तिथेच डॉट एनसी केलं की तोच डेटा नेटसीडीएफमध्ये. कोड येत नसला तरी चालतं.

बारीक भानगडी मात्र आहेतच. आर्गो खोली मीटरमध्ये देत नाही, दाब डेसिबारमध्ये देतो (वरच्या भागात एक डेसिबार म्हणजे जवळजवळ एक मीटर, म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही), आणि रेखांश कुणी ० ते ३६० लिहितं, कुणी उणे १८० ते १८०. दोन ठिकाणचा डेटा जोडताना अर्धा पॅसिफिक रिकामा दिसला तर आधी हे रेखांश बघायचे.