नकलेची नक्कल

आमच्या लॅचची नवी किल्ली कुलपात सरकन शिरायची, पण फिरायची नाही. केसभर बाहेर ओढून, जरा वर दाबून हलवत बसलं की कधीतरी दार उघडायचं. शेवटी ती घेऊन नाशिकच्या शालिमारला, फुटपाथवर बसणाऱ्या एका किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने दात्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दादा, ही नकलेवरनं केलीय ना? ओरिजनल आणा."

त्याला हे कसं कळलं, याचं उत्तर त्याच्या मशीनमध्ये आहे. त्याआधी कोरी किल्ली, म्हणजे ब्लँक. आपल्याला किल्लीचे दाते दिसतात, किल्लीवाला मात्र आधी तिचं टोक बघतो. पात्याच्या दोन्ही अंगांना लांबवर चर पाडलेले असतात, त्यामुळे टोकाकडून पाहिलं की एक वेडीवाकडी आकृती दिसते. कुलपाचं भोक त्याच आकृतीचं. ब्लँकवर दाते नसतात, पण चर आधीच असतात. ते जुळले नाहीत तर दाते कितीही नेमके पाडा, किल्ली आतच जाणार नाही. म्हणून त्याच्या पाठीमागच्या फळीवर खिळ्याखिळ्याला ब्लँकचे झुपके लटकत असतात, आणि त्यातला नेमका झुपका तो न शोधता काढतो. काही कंपन्या या चरांच्या आकाराचंच पेटंट घेतात. मग तो ब्लँक बाजारात मिळत नाही आणि सगळी कारागिरी तिथेच अडते.

ब्लँक बहुधा पितळेचा. नाशिककराला पितळ म्हटलं की भांडी बाजार आठवतो, पण इथे त्याचा गुण वेगळा: पोलादी कटरला ते लोण्यासारखं कापू देतं आणि रोजच्या वापरात गंजत नाही. पांढऱ्या दिसणाऱ्या काही किल्ल्या 'निकेल सिल्व्हर'च्या असतात. त्यात तांबं, जस्त, निकेल असतं. चांदी औषधालाही नसते. त्या पितळेपेक्षा कमी झिजतात.

आता कुलूप. लॅचमधली रचना लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून रूढ केली. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांइतकी जुनी. फिरत्या गाभ्यात आणि त्याभोवतीच्या स्थिर कवचात समोरासमोर पाच-सहा भोकं, प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. किल्लीची प्रत्येक खाच आपापल्या पिनेला ठरावीक उंचीवर उचलते. सगळ्या जोड्यांचे सांधे गाभ्याच्या कडेशी एका रेषेत आले की गाभा फिरतो. एखादा सांधा खाली राहिला तरी फिरणं बंद.

खाचांच्या खोलीला ठरलेल्या पायऱ्या असतात. एका प्रचलित बनावटीत पायरी ०.३८ मिलीमीटरची आहे, म्हणजे झेरॉक्सचे जेमतेम चार कागद. पाच खाचा आणि सहा पायऱ्या धरल्या तर ६×६×६×६×६, म्हणजे ७,७७६ जोडण्या होतात.

मशीनला मात्र या पायऱ्या माहीतच नसतात. एका शिकंज्यात जुनी किल्ली, शेजारच्यात ब्लँक. जुन्या किल्लीवरून एक बोथट पातं सरकतं आणि तेवढ्याच अंतरावर कटर ब्लँक कापत जातो. कर्रर्र आवाज, पिवळा भुसा, मग तारेच्या ब्रशवर घासून कडांची धार मोडायची. एका मिनिटाचं काम. जे समोर आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, झीजसुद्धा! त्यात कटर त्या पात्याच्या कागदभर पुढे असला, तर प्रत्येक खाच ०.१ मिलीमीटर जास्त खोल जाते. पिनांच्या भोकांत थोडी ढिलाई असल्याने पहिली नक्कल चालून जाते. पण त्याच मशीनवर नकलेची नक्कल केली की चूक त्याच दिशेने दुप्पट होते, तिसऱ्यांदा तिप्पट. जवळजवळ एक पायरीच सरकली. आमची किल्ली हलवल्यावर फिरायची ती यामुळेच: हाताच्या दाबाने पिना तेवढ्या वर जात होत्या. आणि खोल गेलेली खाच कानशीने भरून निघत नाही.

उपाय दोन. पायऱ्यांचे आकडे काढून त्यावरून किल्ली कापायची, म्हणजे झीजही पुसली जाते. पण त्याला वेगळं यंत्र लागतं. नाहीतर ओरिजनल. (ठिपक्यांच्या खळग्यांची किल्ली, जिला बाजारात 'कॉम्प्युटर चावी' म्हणतात, तिच्यात कॉम्प्युटर कुठेही नसतो. तिथेही पिनाच, फक्त खाचांऐवजी खळगे. गाडीच्या चिपवाल्या किल्लीची गोष्ट निराळी.)

ओरिजनल आईच्या कपाटात निघाली, दहा-बारा वर्षं न वापरलेली. किल्लीवाल्याने तिच्यावरून दोन काढल्या आणि माझी ती अडणारी परत देताना म्हणाला, "हिच्यावरनं आता कुणाकडं करू नका." मी ती त्याच्याच पितळेच्या भंगाराच्या डब्यात टाकली.