लेसरने नंबर घालवल्यावर डोळ्यातल्या रक्तप्रवाहाचं काय होतं?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे चष्मा करायला येणारे बरेच जण लेसरबद्दल विचारतात. लग्न ठरलेल्या मुली असतात, भरतीची तयारी करणारी मुलं असतात, चष्म्याचा कंटाळा आलेले नोकरदारही असतात. आम्ही शस्त्रक्रिया करत नाही. नंबर तपासतो, चष्मे आणि कॉन्टॅक्ट लेन्स देतो. तरीही हे पत्रक काढलं, कारण दोन गोष्टी वारंवार कानावर येतात. एक भीती, की लेसरने डोळ्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. आणि दुसरी समजूत, की नंबर गेला म्हणजे रक्तप्रवाहही सुधारला, आता मायनस नंबरचे सगळे धोके संपले. दोन्ही चुकीच्या आहेत आणि आमच्या मते दुसरी जास्त घातक आहे.

मायनस नंबरचा डोळा आतून कसा असतो

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबर असलेला डोळा बहुतेक वेळा यापेक्षा लांब वाढलेला असतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की सुमारे अडीच ते तीन नंबर येतो, म्हणजे मायनस 6 चा डोळा 26 मिलिमीटरच्या आसपास असू शकतो. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली तर ती पातळ होते. लांबलेल्या डोळ्यात मागच्या पडद्याचं तसंच होतं.

या पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. आतल्या थरांना मिळतं ते पडद्यावर पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून. बाहेरच्या थरांना, म्हणजे जिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात तिथे, ते पडद्यामागच्या कोरॉइड नावाच्या थरातून पोहोचतं. कोरॉइड म्हणजे रक्तवाहिन्यांचं दाट जाळंच, आणि डोळ्यात येणारं बहुतेक रक्त त्याच्यातूनच फिरतं. निरोगी डोळ्यात मध्यभागी त्याची जाडी साधारण 250 ते 300 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. नंबर खूप मोठा असेल तर ती कधी कधी 100 मायक्रॉनच्याही खाली जाते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्याही अशा डोळ्यात ताणलेल्या, सरळ आणि अरुंद दिसतात. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात रक्तप्रवाह कमी आढळतो तो या लांबीमुळे, लेसरच्या कितीतरी आधीपासून.

लेसर कुठे काम करतं

समोरच्या पारदर्शक बुबुळावर, म्हणजे कॉर्नियावर. त्याची मध्यभागातली जाडी सरासरी 540 मायक्रॉन असते आणि निरोगी बुबुळात एकही रक्तवाहिनी नसते. त्याला प्राणवायू मिळतो अश्रूंमधून आलेल्या हवेतून आणि पोषण आतल्या पाण्यातून. एक नंबर घालवायला लेसर साधारण 12 ते 15 मायक्रॉन जाडी कमी करतं, म्हणजे मायनस 5 साठी 60 ते 75 मायक्रॉन. पडद्याच्या रक्तवाहिन्यांना लेसरचा स्पर्शही होत नाही आणि डोळ्याची लांबी एक केसभरही कमी होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर घरचे घाबरतात. डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याच्या दाबाने वरवरची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. दुखत असेल किंवा नजर कमी वाटत असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

ते काही सेकंद

रक्तप्रवाहावर खरा परिणाम होतो तो शस्त्रक्रियेच्या अगदी थोड्या वेळात. लेसिक नावाच्या लेसर पद्धतीत बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा उचलावा लागतो. तेव्हा डोळा हलू नये म्हणून त्यावर कडं बसवून हवा ओढून घेतात. डोळ्यातला दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, तो एरवी 10 ते 21 असतो. पापुद्रा ब्लेडने कापायचा असेल तर तो त्या वेळी 65 च्या वर नेला जातो. डोळ्यात रक्त शिरायचं तर रक्तवाहिनीतला दाब डोळ्यातल्या दाबापेक्षा जास्त लागतो. आतला दाब एवढा चढला की पडद्याकडचा प्रवाह मंदावतो, कधी जवळजवळ थांबतो, आणि टेबलावर पडलेल्या माणसाला समोरचं सगळं काळोखं होताना दिसतं. कडं सैल केलं की दाब उतरतो, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि उजेडही परततो. हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरून डोकं हलवत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं आहे.

ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद नावाच्या लेसरने पापुद्रा केला तर दाब सहसा यापेक्षा कमी लागतो, स्माईल नावाच्या दुसऱ्या लेसर पद्धतीत तो आणखी कमी असतो. पापुद्रा न कापणाऱ्या पीआरके पद्धतीत असं कडं बसवावंच लागत नाही. निरोगी पडदा आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी निरोगी नस काही सेकंदांचा हा खंड सहन करतात. पण काचबिंदूमुळे नस आधीच कमजोर झाली असेल, घरात काचबिंदू असेल किंवा पडद्याच्या रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. पद्धत निवडताना, किंवा शस्त्रक्रिया करायचीच का हे ठरवताना, त्यांना ही माहिती लागते.

नंतरच्या महिन्यांत

पडद्यातला रक्तप्रवाह आता सुई न टोचता, ओसीटी अँजिओग्राफी या प्रकाशाने चित्र घेणाऱ्या तपासणीतून पाहता येतो. अशा तपासण्यांतून दिसणारं सर्वसाधारण चित्र दिलासा देणारं आहे. सुरुवातीला थोडा चढउतार दिसू शकतो, कायमची मोठी घट दिसत नाही. कधी रिपोर्टमध्ये आकडे थोडे सुधारलेले दिसतात. त्यावर आम्ही भिस्त ठेवणार नाही. बुबुळाचा आकार बदलला की यंत्राला मिळणारं चित्रही बदलतं, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे रक्त वाढलं असं होत नाही.

डोळ्यातला दाब मोजतानाही अशीच फसगत होते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. बुबुळ पातळ झाल्यावर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. मायनस नंबरच्या डोळ्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त असतो, त्यात वाढलेला दाब असा झाकला गेला तर नसेचं नुकसान नकळत होत राहतं. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘माझं लेसर झालंय’ हे आधी सांगा. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, बुबुळाची जाडी आणि दाब यांचे कागद जपून ठेवा. मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढतानाही त्यांचा उपयोग होतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. काहींच्या डोळ्यात त्याने दाब चढतो. म्हणून थेंब संपले की मेडिकलमधून मनाने दुसरी बाटली आणू नका आणि तपासणीची तारीख चुकवू नका.

चष्मा गेला की बहुतेकांचं डोळे दाखवणंच बंद होतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मागचा पडदा तितकाच ताणलेला आणि पातळ असतो. तो फाटण्याचा, सुटण्याचा धोका नंबरासोबत जात नाही. नंबर मोठा होता त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावाच. डोळ्यासमोर विजेसारखे चमकारे, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांचा डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम लेसरपेक्षा किती तरी मोठा आणि टिकणारा असतो, तोही लक्षात असू द्या.

लेसरचा विचार पक्का झाला असेल तर आधी आमच्याकडे या. तुमचे मागचे नंबर आमच्या नोंदीत असतील तर लिहून देऊ. वर्षभर नंबर स्थिर आहे का, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची हे विचारून घ्या. मऊ लेन्सला साधारण एक-दोन आठवडे, कडक लेन्सला त्याहून जास्त लागतात. बाहुली मोठी करायच्या दिवशी कुणाला तरी सोबत आणा. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांवर येतं, त्यामुळे गाडी स्वतः चालवत जाऊ नका.