बहावा फुलला म्हणून पावसाची तारीख ठरत नाही

एप्रिल आला की साताऱ्यातल्या सगळ्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, बहावा फुलला, आता मोजून 45 दिवसांनी पाऊस, हवामान खात्यापेक्षा झाड भारी वगैरे. अहो, ऊन तापलं, पानं झडली की बहावा फुलतो, पुढं पाऊस कधी येणार हे त्याला काय कळणार? कोयना खोऱ्यात धो धो पडतो आणि माण-खटावला ढग नुसते वरनं जातात, पण बहावा दोन्हीकडं उन्हाळ्यातच पिवळा होतो. केरळात मान्सून 2019 ला 8 जूनला आला, 2025 ला 24 मेला, आणि इथं एका रस्त्यावरची दोन झाडं एका दिवशी फुलत नाहीत, मग मोजायचं कुठनं?

खरा उपयोग शेंगेत आहे. हातभर लांब काळपट शेंग फोडली की आत चकत्यांचे कप्पे आणि त्यावर काळा चिकट गर, चवीला गोडसर, वास मात्र नाक मुरडायला लावणारा. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच, पोट साफ व्हायला देतात. थोडाच बरं का, जास्त झाला तर दिवसभर पळापळ, आणि लहान पोरांना, गरोदर बायकांना वैद्याला विचारल्याशिवाय देऊच नका.